तीन इंचांचा फोन, तीन दिवसांचा नळ

माझा फोन फुटला म्हणून आठ दिवस दादाचा २०१२ सालचा पहिला स्मार्टफोन वापरला. सुरुवातीला गंमत वाटली, मग वैताग आला. आणि मग त्यात एक जुना मेसेज सापडला…

फोन पडला. तसा तो आठवड्यातून दोनदा पडतोच, पण यावेळी तोंडावर पडला. मलकापूर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर. भुसावळहून येणाऱ्या मैत्रिणीला घ्यायला गेले होते. उचलून पाहिला तर अर्धा स्क्रीन हिरवा, अर्धा काळा. मैत्रीण बाजूला राहिली, आधी दुकान गाठलं. दुकानदारानं फोन उलटापालटा करून पाहिला आणि डॉक्टरच्या गंभीर आवाजात सांगितलं, ‘कॉम्बो गेला ताई. डिस्प्ले अन् टच, दोन्ही. मागवावा लागंल. आठ दिवस धरून चाला.’

आठ दिवस! मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. प्रॅक्टिकलच्या तारखा ग्रुपवर, नोट्स ग्रुपवर, सरांचं ‘आज लेक्चर नाही’ पण ग्रुपवरच. आणि मी आठ दिवस बिनफोनची?

घरी येऊन तोंड पाडून बसले, तर आईनं कपाटाच्या खालच्या खणातून एक पिशवी काढली. प्रत्येक घरात असते तशी पिशवी. जुन्या चार्जरचा गुंता, कुणाची तरी लग्नपत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स… आणि तळाशी दादाचा पहिला स्मार्टफोन. ‘हा घे,’ आई म्हणाली, ‘चालते का पाह्य.’

मुठीत मावतो की हा!

पहिलं इम्प्रेशन? हसूच आलं. हा फोन आहे की काडेपेटी? मूठ मिटली की दिसेनासा होतो. जीन्सच्या त्या छोट्या खिशातसुद्धा बसला, ज्या खिशात आपण फक्त नाणी ठेवतो.

दादाच्या फोनची कंपनी कोणती ते राहू दे. पण त्या पिढीतले फोन आठवून बघा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. सॅमसंगचा गॅलक्सी वाय २०११ मध्ये आला. कॉलेजच्या पोरांसाठीच काढलेला, नावातला ‘वाय’ म्हणजे यंग. स्क्रीन ३ इंच, वजन १०० ग्रॅमपेक्षा कमी, कॅमेरा २ मेगापिक्सेल, फ्लॅश नाही, सेल्फी कॅमेरा नाही. त्याच्या आधी २०१० मध्ये सोनी एरिक्सनचा एक्स्पेरिया एक्स१० मिनी आला होता. त्याचा स्क्रीन तर २.५५ इंच! एवढ्याशा जागेत आयकॉन मावायचे नाहीत म्हणून त्यांनी स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत चार बटणं दिली होती. दादाचा फोन याच खानदानातला.

तीन इंच म्हणजे नेमकं किती? स्क्रीनचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घेतात. या फोनवर २४० बाय ३२० ठिपके, म्हणजे तीनास चार. शाळेतला ३, ४, ५ चा पायथागोरसचा त्रिकोण लावला की उत्तर मिळतं: रुंदी १.८ इंच, उंची २.४ इंच. एकूण ठिपके ७६,८००. माझ्या फुटलेल्या फोनवर १०८० बाय २४००, म्हणजे पंचवीस लाखांहून जास्त. जवळपास ३४ पट!

पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. एका हातात धरला की अंगठा चारही कोपऱ्यांत पोचतो. आपल्या मोठ्या फोनवर वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबायला दुसरा हात लागतो, नाहीतर फोन हातातल्या हातात सरकवण्याची ती कसरत. माझा फोन पडला तो त्याच कसरतीत.

मागचं झाकण नखानं उघडलं. बॅटरी बाहेर निघते, हे बघून माझा नववीतला चुलतभाऊ थक्कच झाला. ‘म्हणजे बंद पडला की नवीन टाकायची? सेलसारखी?’ हो रे बाबा, सेलसारखी.

पुढची अडचण सिमची. आपली सिमं नखाएवढी, या फोनची जागा तिच्यापेक्षा बरीच मोठी. दुकानदारानं ड्रॉवरमधून प्लास्टिकची एक चौकट काढून दिली, सिम अ‍ॅडॉप्टर. तेही जमलं, पण नेटवर्क येईना. कारण माझं सिम जिओचं. जिओ २०१६ मध्ये आलं तेच थेट ४जी घेऊन. २जी, ३जी त्यांच्याकडे नव्हतंच कधी. या फोनला तर ४जी माहीतच नाही. ३जी बहुतेक ठिकाणी गुंडाळलं गेलंय. उरलं २जी. शेवटी बाबांचं दुसरं सिम घेतलं, आणि कोपऱ्यात दोन दांड्या उगवल्या.

फोन चालू झाला. बारा वर्षांनी!

सगळं शाबूत, पण दारं बंद

आनंद दहा मिनिटं टिकला.

व्हॉट्सअ‍ॅपचा आयकॉन होता, पण उघडून उपयोग शून्य. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप १ फेब्रुवारी २०२० पासून बंद झालं. जीमेल उघडून पाहिलं, तिथंही तेच. गुगलनं २७ सप्टेंबर २०२१ पासून या जुन्या अँड्रॉइडवर लॉगिनच बंद केलं. मग म्हटलं, ब्राउझरवर निदान विद्यापीठाची वेबसाइट तरी बघू. तीही नाही, दुसरीही नाही. सुरक्षित वेबसाइट आणि फोन एकमेकांशी एका ठरलेल्या गुप्त भाषेत बोलतात. ती भाषा पुढं गेली, हा फोन जुनीच बोलतोय. दारावर पोचतो, पण परवलीचा शब्द जुना. आत घेत नाहीत.

विचार करा ना, फोनमध्ये काहीच मोडलेलं नाही. बटणं चालतात, स्पीकर चालतो, स्क्रीनवर साधा ओरखडा नाही. बंद काय झालं, तर बाहेरची दारं.

मग उरलं काय? कॉल, एसएमएस, अलार्म, कॅल्क्युलेटर आणि एफएम रेडिओ. तोही इअरफोन लावला तरच, कारण इअरफोनची वायर हीच अँटेना.

पहिल्या दिवशी मी हा फोन किती वेळा उगाचच उघडला, मोजलं नाही. पण उघडायचा, बघायचा, आत काहीच नाही, ठेवायचा. पाच मिनिटांनी पुन्हा. खाज सुटल्यासारखं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर समोसा घेतला आणि स्कॅन करायला हात खिशात गेला. पाकिटात सुट्टे नव्हते. मैत्रिणीनं पैसे भरले. तिलाच सांगून ठेवलं, ग्रुपवर काही आलं तर फोन कर. ती म्हणाली, ‘फोन? म्हणजे कॉल?’ जसं काही मी कबूतर पाठवायला सांगितलं होतं.

जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. गैरसोय ती गैरसोयच. तरी तिसऱ्या दिवसापर्यंत हात थोडा शांत झाला, आणि मी या फोनमध्ये आत काय आहे ते नीट बघायला लागले.

मराठी म्हणजे चौकोन

एका मैत्रिणीनं एसएमएस केला, मराठीत. मुद्दाम, गंमत म्हणून. माझ्या स्क्रीनवर काय आलं असेल? चौकोन. एकामागं एक रिकामे चौकोन. मी तिला फोन करून विचारलं, काय लिहिलंस? ती म्हणाली, ‘दिसतंय का, एवढंच विचारलं होतं.’

रात्री दादाला फोन करून हे सांगितलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, ‘अवं, आमच्या वेळी मराठी म्हणजे चौकोनच.’

दादा आयटीआय करून २०१२ मध्ये चाकणला कंपनीत लागला. दोन-तीन पगार साठवून त्यानं हा फोन घेतला. रूमवर चौघं, त्यात स्मार्टफोनवाला हा एकटा. पहिल्या दिवशी त्यानं हौसेनं मराठी पेपरची वेबसाइट उघडली. घरी बाबा वाचतात तो पेपर आपण चाकणमध्ये वाचू, असं वाटलं होतं त्याला. पानभर चौकोन आले. त्याला वाटलं, फोन खराब लागला.

फोन खराब नव्हता. त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये मुळात देवनागरीचा फॉन्टच नव्हता. काही कंपन्यांनी आपापले फॉन्ट भरले होते, पण नुसता फॉन्ट पुरत नाही. आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षरानंतर टाईप होते आणि दिसते मात्र अक्षराच्या आधी. जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. हे सगळं जुळवून दाखवणारी व्यवस्था फोनमध्ये नसेल, तर ‘विद्यार्थी’ या शब्दाचे सुटे भाग इकडं तिकडं पडलेले दिसतात.

मग दादाच्या एका मित्रानं जुगाड दाखवला. तो तेव्हा गावोगावच्या पोरांना तोंडपाठ होता. ऑपेरा मिनी ब्राउझर घ्यायचा. जिथं वेबसाइटचा पत्ता टाकतो, तिथं ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाईप करायचं. एक लपलेलं पान उघडतं. त्यात ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्ससाठी बिटमॅप फॉन्ट वापरा’ अशा अर्थाची इंग्रजीतली एक ओळ, तिथं ‘येस’ करायचं. झालं! मग ऑपेराचा दूर कुठंतरी बसलेला सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं काढून पाठवायचा. म्हणजे दादा वाचत होता ती अक्षरं नव्हती, अक्षरांचे फोटो होते. कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणजे गुंतागुंतीची लिपी. आपली बाराखडी, जी आपण पहिलीत पाटीवर गिरवली!

वाचायचं असं जमलं. पण लिहायचं कसं? १.८ इंच रुंदीत इंग्रजीची दहा बटणं बसवली की एक बटण साडेचार मिलिमीटरचं. त्यावर बाराखडी कुठं बसवणार? त्यात एसएमएसचं गणित. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी आली की प्रत्येक खुणेला १६ बिट, म्हणजे फक्त ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजायचं. ‘मलकापूर’ दिसायला पाच अक्षरं, एसएमएसच्या हिशेबात सात.

म्हणून मग सगळ्यांनीच वाट काढली. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. ‘कुठे आहेस’, ‘जेवलास का’, ‘पोचलो’, सगळं एबीसीडीत. दादानं तसं लिहिलं, त्याच्या मित्रांनी तसंच लिहिलं. आणि आपण आजही तसंच लिहितो.

पाठवलेले मेसेज

चौथ्या दिवशी मी दादाचे जुने एसएमएस वाचत बसले होते. परवानगी घेऊन हं! तो म्हणाला, ‘वाच, त्यात काय असणार, रिचार्जचे मेसेज.’

खरंच रिचार्जचेच होते. बॅलन्स ४ रुपये, बॅलन्स १ रुपया ६० पैसे. मधूनच घरी पाठवलेले दोन-चार मेसेज. ‘पोचलो’. ‘आईला सांग’. आणि एक मेसेज, २४ सप्टेंबर २०१२ चा. गणपतीचे दिवस. इंग्रजी अक्षरांत:

‘बाबा ३ दिवस झाले टी-ए-पी आहे. पैसे नको. काळजी करू नका.’

हा मेसेज मी आधी वाचलेला होता. बारा वर्षांपूर्वी. मोठ्यानं.

तेव्हा मी तिसरीत होते. बाबा सातवी शिकलेले. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, अगदी निविदा आणि जाहीर सूचनासुद्धा. पण इंग्रजी अक्षराशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्याकडं टॉर्चवाला बटणांचा साधा फोन होता. गंमत बघा, त्या साध्या फोनमध्ये हिंदी मेनू होता, त्याला देवनागरी येत होती. दादाच्या स्मार्टफोनला येत नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा शेतातून आले, फोन वाजला. माझ्यापुढं धरून म्हणाले, ‘वाच वं बाई, काय लिवलं दादानं.’

मी एकेक अक्षर लावत वाचलं. बा-बा. तीन. दि-वस. झा-ले. आणि मग आला टी-ए-पी. हा शब्द लावायची गरजच नव्हती, हा मला पाठ होता! आमच्या इंग्रजीच्या वहीत चित्र होतं, नळाचं, खाली पाण्याचा थेंब. टॅप म्हणजे नळ.

‘बाबा, दादाकडं तीन दिवस झाले नळ आहे. पैसे नको म्हणतो. काळजी करू नका म्हणतो.’

बाबा खूश. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, हे मलकापूरवाल्यांना सांगायला नको. नळ आला की अख्खी गल्ली भांडी घेऊन धावते. बाबा आईला म्हणाले, ‘पाह्य, तिकडं तीन दिवसापासून नळ हाय. पोराचं बेस चाललंय.’ वर शेजारच्या काकांना माझं कौतुक सांगितलं, ‘पोरगी इंग्रजी वाचते आता.’ ती संध्याकाळ मला आठवते ती त्या कौतुकासाठीच.

आणि आता हातातल्या तीन इंचांच्या स्क्रीनवर तोच मेसेज. टी-ए-पी.

टॅप नाही. ताप.

हॅलो, आवाज येतोय का?

लगेच दादाला फोन लावला.

‘दादा, २०१२ मध्ये गणपतीत तुला ताप आला होता?’

‘डेंगू होता वं. काहून?’

मी सगळं सांगितलं. नळ, वही, थेंब. पलीकडं एकदम शांत. २जीवर शांतता कुणाची आणि नेटवर्कची कुठली, ते कळत नाही. मी दोनदा विचारलं, ‘हॅलो? आवाज येतोय का?’

‘येतोय,’ दादा म्हणाला. मग हसायला लागला. खूप वेळ हसला. ‘नळ? नळ म्हणाली तू?’

मग त्यानं जे सांगितलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. रूमवर तीन दिवस तापानं फणफणला होता. बॅलन्स संपत आलेला, मेसेजचा पॅक तेवढा शिल्लक. म्हणून मेसेज केला. ‘काळजी करू नका असं लिहिलं, म्हणजे करतील असं वाटलं,’ तो म्हणाला. वाट पाहिली. फोन आला नाही. पाचव्या दिवशी रूमवरच्या पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं. आठवडाभर सलाइन. दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं बाबांना एकदाच विचारलं, ‘बाबा, मेसेज मिळाला होता ना?’

बाबा म्हणाले होते, ‘मिळाला ना. बेस झालं म्हटलं.’

दादानं पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्यानंतर तो घरी फोन करायचा तो आईलाच. बाबांशी बोलणं म्हणजे ‘पाऊस झाला का’ आणि ‘भाव काय चालू आहे’. आम्हाला वाटायचं, मोठा झाला, शहरात गेला, बदलला. घरोघरी असं होतंच की.

बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा वर केला आणि तो छोटा फोन हातभर लांब धरून बघत राहिले. ‘यात ताप कुठं हाय?’ मी बोट ठेवून दाखवलं. टी, ए, पी. कुठलं अक्षर कसं वाचायचं तेही सांगितलं.

ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘हे तं तपबी होते.’

‘हो बाबा, तप पण वाचता येईल.’

‘तपच झालं मंग. बारा वर्षं.’

त्यांनी त्याच फोनवरून दादाला फोन लावायला सांगितला. मी लावून दिला आणि आत गेले. सगळं ऐकू आलं नाही. एवढंच ऐकलं, ‘मले वाचता आलं असतं तं त्याच रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो असतो, राजा.’

आता फोनला येतं, आपलं काय?

दोष कुणाचा? तिसरीतल्या पोरीचा नाही, आजारी पोराचा नाही, बाबांचा तर मुळीच नाही. मोजून पाहिलं. दादाचा तो मेसेज देवनागरीत लिहिला तर मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून बरोबर ५० भरतो. सत्तरच्या आत. एका एसएमएसमध्ये आरामात बसला असता, बाबांच्या टॉर्चवाल्या फोनवर दिसला असता, आणि त्यांनी स्वतः वाचला असता. अडलं फक्त दादाच्या बटणांपाशी.

आता तसं अडत नाही. अँड्रॉइडमध्ये हिंदी टाईप करायची सोय २०१२ च्या ४.१ आवृत्तीत आली, २०१४ च्या ५.० आवृत्तीत अख्खा मेनू मराठीत आला. २०१७ मध्ये गुगलचं बोलून टाईप करणं मराठीत सुरू झालं. आपल्या देशाचं तर मानकच आहे, आयएस १६३३३. त्यानुसार इथं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. म्हणजे फोन शिकला.

आठव्या दिवशी माझा फोन नवा कॉम्बो लावून परत आला. पहिल्यांदा काय केलं असेल? घरच्या ग्रुपवर वर वर स्क्रोल करत गेले. माझे मेसेज, दादाचे मेसेज, वहिनीचे मेसेज. सगळे मराठीत, सगळे एबीसीडीत. बाबा त्या ग्रुपमध्ये चार वर्षांपासून आहेत. त्यांच्याकडं स्मार्टफोन आहे. ते रोज सकाळी एक फुलांचा फोटो टाकतात, बाकी काही लिहीत नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांना लिहायचा कंटाळा आहे. आम्ही लिहिलेलं त्यांना वाचता तरी येतंय का, हे चार वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही.

मित्रांशी कसं लिहायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मीही मैत्रिणींशी तसंच लिहिते, सवय आहे, पटकन होतं. पण आपल्या घरच्या ग्रुपवर कोण कोण आहे, हे एकदा बघा. त्यातलं कोण पेपर वाचतं आणि आपला मेसेज वाचू शकत नाही?

खण उघडणार असाल तर…

तुमच्याही घरात अशी पिशवी असेल. जुना फोन काढणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

आधी बॅटरी बघा. फुगली असेल, झाकण वर आलं असेल तर चार्जिंगला लावूच नका. टोचू नका, दाबू नका, कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

चार्ज करताना फोन समोर ठेवा, रात्रभर लावून झोपू नका.

चालू झाला की रिसेट करायची घाई नको. जुने मेसेज, फोटो फोनच्या पोटातच असतात. एकदा पुसले की गेले. आधी दुसऱ्या फोननं स्क्रीनचे फोटो काढून घ्या, मग काय ते करा.

आणि वाचण्याआधी ज्याचा फोन आहे त्याला विचारा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

ताप नाही

तो छोटा फोन मी परत पिशवीत टाकला नाही. बॅटरी काढून ठेवली आणि फोन माझ्या टेबलावर.

फोन परत आला त्या रात्री मी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी चालू केलं आणि ग्रुपवर लिहिलं, ‘दादा, कसा आहेस?’ एवढे तीन शब्द शोधत शोधत टाईप करायला मला मिनिटभर लागलं. दादाला त्याहून जास्त लागलं असणार, कारण वर बराच वेळ ‘टाईप करत आहे’ दिसत होतं. मग त्याचा मेसेज आला. देवनागरीत.

‘ताप नाही. नळ आहे.’

मी हसत ओसरीवर गेले, बाबांना वाचून दाखवायला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. फोन त्यांच्या हातात होता, चष्मा नाकावर.

‘राहू दे वं बाई,’ ते म्हणाले, ‘वाचलं म्या.’